‘दगडाच्या कचऱ्यापासून वाळू’ : प्रयोग खरा, शब्द फसवा

दर दोन-चार महिन्यांनी देशातील विज्ञानविषयक बातम्यांमध्ये एक मथळा नव्याने झळकतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो : दगडाच्या कचऱ्यापासून वाळू तयार झाली, काँक्रीट अधिक मजबूत झाले, आता नद्या वाचणार. बातमीखाली अभिनंदनाचा वर्षाव होतो आणि हे तंत्रज्ञान सरकारने उद्यापासून सक्तीचे करावे, अशी मागणी सुरू होते. यातील प्रयोग बहुतेक वेळा खरा असतो, आकडेही खरे असतात. खोट असते ती ‘कचरा’ या एका शब्दात. या शब्दाच्या आडून गेली काही वर्षे देशात फार मोठा व्यवहार चालला आहे. त्याची किंमत डोंगर, खाणकामगार आणि घर बांधणारा सामान्य माणूस असे तिघे मोजत आहेत.

हा व्यवहार समजून घेण्यासाठी बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी ही वसाहत टप्प्याटप्प्याने, म्हणजे तिथल्या भाषेत ‘फेज’नुसार, वाढत गेली. तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांच्या भूखंडांवर तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली टुमदार घरे आता पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. बन्नेरघट्टा रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले. या बांधकामांच्या दारात जो ढीग पडतो तो पिवळसर, गोलसर कणांच्या नदीच्या वाळूचा नसतो. तो राखाडी, टोकदार कणांचा, म्हणजे ‘एम-सँड’चा असतो. महाराष्ट्रात त्यालाच ‘क्रश सँड’ किंवा ‘कृत्रिम वाळू’ म्हणतात. जे. पी. नगरच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर जिगणी ही ग्रॅनाइट कापण्याच्या आणि घासण्याच्या कारखान्यांची मोठी वसाहत आहे. म्हणजे दगड, वाळू, इमारत आणि राडारोडा ही साखळी इथे एका नजरेच्या टप्प्यात येते.

बेंगळुरूला मोठी वाहती नदी नाही. कावेरी शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे या शहराने वाळूसाठी जे काही केले तो देशासाठी धडाच आहे. आधी लांबच्या नद्यांची पात्रे उपसली गेली. मग तलावांची आणि शेतांची माती धुऊन तिच्यातून वाळू काढण्याचा धंदा फोफावला. ‘फिल्टर सँड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या मालात चिकणमाती राहून जायची. तिच्यामुळे इमारत कच्ची होई आणि मागे राहिलेले शेत कायमचे नापीक होई. सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. २०१८ मध्ये तर एमएसआयएल या कर्नाटक सरकारच्या कंपनीने मलेशियाहून जहाजाने आणलेली वाळू पिशव्यांत भरून विकली. ज्या शहराच्या पायाखाली जगातील अतिप्राचीन खडकांपैकी एक पसरला आहे, त्या शहराने समुद्रापलीकडून वाळू आणावी, यातच या टंचाईचे गांभीर्य कळते.

अशा परिस्थितीत दगड फोडून वाळू करण्याकडे सर्वांचे लक्ष वळले, यात नवल नाही. आणि शास्त्रदृष्ट्या त्यात काही गैरही नाही. मात्र हा शोध नवा असल्याचा जो आव आणला जातो, तो तपासून पाहिला पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस ३८३’ या मानकाच्या १९७० सालच्या आवृत्तीतच कठीण दगड फोडून केलेल्या वाळूला स्थान होते. नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण तीन टक्क्यांहून अधिक नसावेत, फोडलेल्या दगडाच्या वाळूत ते पंधरा टक्क्यांपर्यंत चालतील, अशी स्वतंत्र मर्यादाही तिथे घालून दिलेली होती. २०१६ च्या सुधारित आवृत्तीने मानकाच्या शीर्षकातून ‘नैसर्गिक स्रोतांतील’ हे शब्दच काढून टाकले आणि धातुमळी, पुनर्वापर केलेले काँक्रीट अशा पदार्थांनाही ठरावीक प्रमाणात प्रवेश दिला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. बी. व्ही. वेंकटराम रेड्डी यांनी एम-सँडवर सविस्तर अभ्यास केला आणि चांगल्या प्रतीची कृत्रिम वाळू वापरलेले मसाले व काँक्रीट नदीच्या वाळूपेक्षा कमी ठरत नाहीत, हे दाखवून दिले. म्हणजे ‘दगडापासून वाळू होते का?’ हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. उरलेला प्रश्न ‘कोणत्या दगडापासून?’ हा आहे, आणि नेमका तोच बातमीत विचारला जात नाही.

‘दगडाचा कचरा’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळे पदार्थ खपवले जातात. ते वेगळे केल्याशिवाय चर्चा पुढे जाऊच शकत नाही.

पहिला पदार्थ म्हणजे खडी क्रशरची कच. बांधकामासाठी खडी फोडताना पावणेपाच मिलिमीटरच्या चाळणीखाली जो बारीक चुरा पडतो, तो हा. खडी हे मुख्य उत्पादन आणि चुरा हा त्यामागे आपोआप येणारा माल, म्हणून त्याला उपउत्पादन म्हणता येईल. पण तो जसाच्या तसा काँक्रीटमध्ये घालण्याजोगा नसतो. त्याचे कण चपटे आणि लांबट असतात, धूळ बेसुमार असते. असा माल वापरला की काँक्रीट घट्ट होते आणि घमेल्यातून नीट ओतले जात नाही. मग मिस्त्री पाणी वाढवतो. पाणी वाढले की काँक्रीटची ताकद घटते, सुकताना तडे जातात आणि पुढे सळईला गंज चढतो. इमारतीला जो दोष दहा वर्षांनी दिसतो, त्याची सुरुवात अनेकदा अशी एका जास्तीच्या बादलीने झालेली असते.

दुसरा पदार्थ म्हणजे खरी एम-सँड. ती मुद्दाम तयार करावी लागते. दगड आधी जबड्याच्या क्रशरमध्ये, मग शंकूच्या क्रशरमध्ये फुटतो आणि शेवटी उभ्या दांड्याच्या वेगवान यंत्रात दगडावर दगड आपटून त्याच्या कडा झिजवल्या जातात. त्यानंतर चाळणी आणि धुणे. असा माल उत्तम असतो. पण तो कचरा नव्हे. त्यासाठी सुरुंग लावून ताजा दगड काढावा लागतो, वीज लागते, पाणी लागते. वाळूची मागणी वाढली की खडीचा उरलेला चुरा पुरेसा होत नाही आणि केवळ वाळू करण्यासाठी डोंगर फुटू लागतो. हा सरळ खाणउद्योग आहे. त्याला ‘कचऱ्याचा पुनर्वापर’ म्हणणे म्हणजे ऊस लावून त्याला चिपाड म्हणण्यासारखे आहे.

तिसरा पदार्थ म्हणजे ग्रॅनाइट आणि संगमरवर कापताना निघणारा गाळ. जिगणीसारख्या वसाहतींमध्ये करवतीखाली सतत पाणी सोडले जाते. त्या पाण्याबरोबर दगडाचे पीठ वाहत येते. हा खराखुरा कचरा आहे. तो रस्त्याच्या कडेला, ओढ्यात, तलावात टाकला जातो. वाळला की वाऱ्यावर उडतो आणि ओला असला की जमिनीची छिद्रे बुजवतो. राजस्थानात किशनगढला संगमरवराच्या अशा गाळाचे पांढरेशुभ्र डोंगर साचले आहेत आणि तिथे लोक बर्फाच्या देखाव्यासारखी छायाचित्रे काढायला जातात. पण हा गाळ वाळूइतका जाड नसतो. तो जवळजवळ सिमेंटइतका बारीक असतो. त्यामुळे तो सगळ्या वाळूची जागा घेऊ शकत नाही. काही टक्के वाळूऐवजी, स्वतःच्या वजनाने पसरणाऱ्या काँक्रीटमध्ये भरण म्हणून, ठोकळ्यांत आणि फरशांत तो उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या करवतींच्या गाळात पोलादाचे कण आणि चुनाही असतो. ते तपासल्याशिवाय तो वापरणे धोक्याचे.

आता बातमीतील हातचलाखी ध्यानात येते. प्रयोग होतो तिसऱ्या पदार्थावर, आणि तोही वाळूच्या दहा-वीस टक्के प्रमाणात. मथळा लिहिला जातो ‘वाळूला पर्याय’ असा. आणि त्या मथळ्याच्या पुण्याईवर बाजारात खपतो तो दुसरा पदार्थ, किंवा दुसऱ्याच्या नावाने पहिला. कचऱ्यासाठी मिळालेली सहानुभूती खाणीच्या पदरात पडते.

कोणी म्हणेल, नदीपेक्षा डोंगर फुटलेला बरा. हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे आणि त्यात तथ्यही आहे. नदीच्या पात्रातील वाळू म्हणजे पाण्याचा साठा. तिच्या कणांमधील पोकळीत पूर मुरतो आणि काठावरच्या विहिरींना पाणी राहते. वाळू उपसली की पात्र खाली जाते, पुलांचे पाये उघडे पडतात, विहिरी आटतात. भीमा, गोदावरी, कृष्णा यांच्या काठच्या गावांना हे कोणी शिकवायला नको. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, ती या लुटीमुळेच. तेव्हा नदी वाचलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. पण नदीची वाळू निदान पुराबरोबर थोडीफार परत येते. डोंगर परत येत नाही.

बेंगळुरूच्या लालबागेतील खडक जे. पी. नगरहून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे; वय सुमारे ३०० कोटी वर्षे. त्याच कुळातील पट्टेदार नाइस खडक आणि रामनगरकडचा सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आज खडी व वाळूसाठी फोडला जातो. एका खडकाभोवती कुंपण आणि माहितीफलक, तर त्याच्याच भावंडांना सुरुंग! सगळा दगड जपून ठेवा असे कोणी म्हणत नाही. मात्र ज्या वस्तूला बनायला कोट्यवधी वर्षे लागली तिची गणना ‘कचऱ्या’त करून तिचा दर ठरवणे, हे अर्थशास्त्र नव्हे आणि विज्ञानही नव्हे.

दगडखाणींचा दबाव कुठवर पोहोचतो, हेही याच परिसरात दिसते. जे. पी. नगरहून सुटणारा बन्नेरघट्टा रस्ता ज्या राष्ट्रीय उद्यानापाशी जातो, त्या उद्यानाभोवतीचे संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या मसुद्यात २६८.९६ चौरस किलोमीटर होते. २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते १६८.८४ चौरस किलोमीटर उरले. हत्तींच्या वाटा असलेल्या या पट्ट्यातून शंभर चौरस किलोमीटर वगळले गेले, तेव्हा दगडखाणींना आणि बांधकाम व्यावसायिकांना मोकळे रान मिळाल्याची टीका झाली. ती टीका करणाऱ्यांना विकासविरोधी ठरवणे सोपे होते. आकड्यांना उत्तर देणे अवघड होते.

आणि माणसांचे काय? २०२१ च्या जानेवारीत शिवमोग्याजवळ हुणसोडू येथे खाणकामासाठी आणलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला. पुढच्याच महिन्यात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातील हिरेनागवल्ली येथे तसाच स्फोट झाला. दोन्ही ठिकाणी माणसे जागीच मेली. हे मृत्यू निदान बातमीत आले. जे मृत्यू बातमीत येत नाहीत ते फुप्फुसातून होतात. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा गारेचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा असतो. तो फोडताना आणि दळताना डोळ्यांना न दिसणारी जी धूळ उडते ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकेला १९९७ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात मोकळी गार फारच थोडी. म्हणून वाघोली-मोशीच्या क्रशरवरून काढलेला निष्कर्ष बेंगळुरूच्या क्रशरला लावता येत नाही. दगड बदलला की धोकाही बदलतो. ‘दगडाची वाळू’ असा सरसकट शब्द वापरणाऱ्या बातमीला हा फरक माहीतच नसतो. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणून मदत आणि निवृत्तिवेतनाची तरतूद केली. जी राज्ये कृत्रिम वाळूची उद्दिष्टे जाहीर करतात, त्यांनी त्याच कागदावर धूळ मोजण्याचे आणि कामगारांच्या तपासणीचे उद्दिष्टही लिहिले पाहिजे.

मग खरा कचरा कुठे आहे? त्यासाठी डोंगरावर जायला नको, जे. पी. नगरच्या गल्लीत उभे राहिले तरी पुरे. एक जुने घर पाडले की विटा, गिलावा, काँक्रीटचे तुकडे यांचा ढीग पडतो. तळघर खणले की शेकडो ब्रास माती निघते. हा माल रात्री कोणत्या मोकळ्या जागेत, कोणत्या तलावाच्या कडेला जाऊन पडतो, हे दक्षिण बेंगळुरूत राहणाऱ्यांना ठाऊक आहे. याच वसाहतीत पुट्टेनहळ्ळीचा तलाव रहिवाशांनी विश्वस्त संस्था स्थापून, वर्षानुवर्षे खपून पुन्हा जिवंत केला. शहराचा राडारोडा आणि शहराचे तलाव यांचे नाते किती जवळचे आहे, ते अशा प्रयत्नांतूनच कळते.

हा राडारोडा वाळूच्या कामी येतो, हे विज्ञानाने दाखवून दिले आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या शाश्वत तंत्रज्ञान केंद्रात सौरदीप गुप्ता आणि त्यांचे सहकारी खोदकामातील माती आणि पाडकामाचा चुरा यांवर कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया करून त्यांचा काँक्रीट व मसाल्यात उपयोग करण्याचे प्रयोग करत आहेत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार अशा प्रक्रियेने दाबसामर्थ्यात २० ते २२ टक्के वाढ दिसली आणि वाळूचा पाव ते निम्मा हिस्सा बदलण्याची शक्यता पुढे आली. या संशोधनाचे मोल केवळ ताकदीच्या आकड्यात नाही. इथे कच्चा माल खरोखरच टाकाऊ आहे आणि तो वापरल्याने एक खड्डा कमी खणला जातो, एक तलाव कमी बुजतो.

परंतु या खऱ्या कचऱ्याच्या वाटेत नियमांनीच काटे पेरले आहेत. २०१६ च्या नियमांनी सरकारी व पालिकेच्या कामांत दहा ते वीस टक्के पुनर्वापरित माल वापरण्याचे सुचवले. मानकाने पुनर्वापरित काँक्रीटच्या वाळूला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-२५ पर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के जागा दिली. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून अंमल ठरवलेल्या नव्या नियमांनी बांधकाम करणाऱ्यांवर विस्तारित जबाबदारी टाकली. पण ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांवर. जे. पी. नगरमधील तीस बाय चाळीसच्या भूखंडावरील चार मजले या जाळ्यात येतच नाहीत. एकेक घर लहान, पण अशा घरांचा राडारोडा एकत्र केला तर त्याचा डोंगर होतो. शहराच्या मोठ्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पांपैकी एक उत्तरेला, विमानतळाच्या वाटेवर, चिक्कजाळ येथे आहे. दक्षिणेच्या टोकाहून तीस-पस्तीस किलोमीटर वाहतुकीचे भाडे भरून कोणता कंत्राटदार तिथे डबर नेईल? दूरच्या डोंगराची वाळू दारात येते आणि दारातला कचरा कारखान्यापर्यंत पोहोचत नाही, अशी ही व्यवस्था आहे.

खाणींच्या जुन्या ढिगाऱ्यांचेही तेच. बेंगळुरूपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. मागे दळलेल्या खडकाचे तीन कोटी टनांहून अधिक ढिगारे उरले. सोने काढताना वापरलेल्या सायनाइडचा इतिहास असल्याने ते काटेकोर तपासणीशिवाय बांधकामात घेता येणार नाहीत. पण दळायची ऊर्जा आधीच खर्च झालेला एवढा दगड शेजारी पडून असताना नवा डोंगर फोडण्याआधी त्याची तपासणी संपलेली असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ब्राझीलमध्ये २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो येथे लोहखाणीच्या गाळाचा बांध फुटून २७० जणांचा बळी गेला. त्यानंतर त्याच व्हाले कंपनीच्या खनिज वाळूवर क्वीन्सलंड आणि जिनिव्हा विद्यापीठांनी अभ्यास केला आणि खाणीचा गाळ मुळातच कमी व्हावा म्हणून खनिजाबरोबरच बांधकामायोग्य वाळू वेगळी काढण्याचा मार्ग २०२२ मध्ये मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याच वर्षी जगात दरसाल सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते, असे सांगून वाळूला सामरिक महत्त्वाची साधनसंपत्ती मानण्याची शिफारस केली. जग ज्याला संपत्ती म्हणू लागले आहे, त्याच दगडाला इथे कचरा म्हटले जाते.

महाराष्ट्रातील वाचकाने हे बेंगळुरूचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. २०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूच्या धोरणाला मान्यता दिली. सरकारी बांधकामांत या वाळूला प्राधान्य, जिल्ह्याजिल्ह्यांत नवे कारखाने आणि स्वामित्वधन ब्रासमागे ६०० रुपयांऐवजी २०० रुपये, असे त्याचे ठळक स्वरूप आहे. नदी वाचवण्याचा हेतू चांगला आहे. पण सवलतीची कसोटी एकच : तिचा लाभ आधी कोणाला मिळतो? खाणीत पडून राहिलेल्या चुऱ्याला, बोगद्याच्या आणि धरणाच्या खोदकामातून निघालेल्या दगडाला, शहराच्या राडारोड्याला. की सह्याद्रीच्या नव्या कड्याला? सगळ्यांना एकच दर असेल तर व्यापारी जो माल सर्वांत सोपा तोच उचलणार, आणि नवा कडा फोडणे नेहमीच सोपे असते. पारसिकच्या टेकड्यांचे काय झाले, ते नवी मुंबईकर रोज पाहतात.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे घरे महाग होतील. एक घनमीटर काँक्रीटला साधारण ६५० ते ८०० किलो वाळू लागते. तेव्हा दराचा प्रश्न खरा आहे. पण आज वाळू स्वस्त दिसते, कारण तिची उरलेली किंमत दुसरे कोणी भरत आहे. आटलेली विहीर शेतकरी भरतो, खोकला कामगार भरतो, दहा वर्षांनी फुटणारा स्लॅब सदनिकाधारक भरतो. ती किंमत दरात दिसू लागली तर महागाई वाढली असे म्हणता येणार नाही. लपवलेला हिशेब उघड झाला, एवढेच म्हणता येईल.

मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. स्वामित्वधनाचे दर उगमानुसार पायरीपायरीने ठरावेत : खऱ्या कचऱ्याला शून्य किंवा नाममात्र, ताज्या दगडाला पूर्ण. वाळूच्या प्रत्येक गाडीबरोबर ती कोणत्या खाणीची वा कोणत्या प्रकल्पाची, कोणत्या खडकाची आणि तिच्यात ७५ मायक्रॉनखालचे कण किती, याचे प्रमाणपत्र यावे. या बारीक कणांत दगडाचे पीठ किती आणि माती किती हे सांगणारी मिथिलीन ब्ल्यूची चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. ती नेहमीची व्हावी. राडारोड्याची केंद्रे शहराच्या प्रत्येक दिशेला असावीत आणि घर पाडण्याचा परवाना देतानाच राडारोडा कुठे जाणार याची पावती मागितली जावी. लहान भूखंडांना यातून वगळू नये.

आणि विज्ञानाच्या बातम्या लिहिणाऱ्यांकडून अपेक्षा याहूनही साधी आहे. ‘कचऱ्यापासून वाळू’ असे लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हा माल कारखान्याने मुद्दाम बनवला की आपोआप उरला? वाळूच्या किती टक्के जागी तो वापरला? ताकद २८ दिवसांनी मोजली की टिकाऊपणाही काही वर्षे पाहिला? तो तयार करताना उडालेली धूळ कोणाच्या श्वासात गेली? या चारांपैकी एकाचेही उत्तर बातमीत नसेल तर ती विज्ञानाची बातमी नाही, मालाची जाहिरात आहे.

वाचकानेही तेच चार प्रश्न बातमीखाली लिहावेत. शास्त्रज्ञ त्यांची उत्तरे आनंदाने देतील, कारण त्यांच्या शोधनिबंधात ती बहुतेक वेळा असतातच. उत्तर देताना अडखळेल तो फक्त ज्याला डोंगर विकायचा आहे आणि पावतीवर ‘कचरा’ असे लिहायचे आहे, तोच.